विश्लेषण : रिमॅप केलेली टर्बो गाडी घेताय? कॉम्प्रेशन टेस्टचा नुसता आकडा पाहून निकाल देऊ नका!

‘दादा, इंजिन गेलंय. तिन्ही सिलिंडर डाऊन आहेत. हाफ इंजिनचं काम निघेल, दीड-दोन लाख धरून चला.’

माझ्या एका मित्राला पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने हे सांगितले, तेव्हा मित्राच्या खिशात टोकनचे पन्नास हजार होते. गाडी होती २०२१ ची फोक्सवॅगन पोलो, १ लिटर टीएसआय, मॅन्युअल, रिमॅप केलेली. मालकाची मागणी साडेसात लाख. पोलोचे उत्पादन भारतात २०२२ मध्ये थांबले. त्यामुळे चाकणला बनलेल्या या गाडीमागे धावणारी पंचविशी-तिशीतली मुले आजही कमी नाहीत. मित्र त्यांतलाच एक. त्याने गेजवरचे तीन आकडे कागदावर लिहून घेतले आणि फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला : ११८, १२१, १०४.

दहा मिनिटांत ग्रुपमध्ये दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, दीडशेच्या खाली म्हणजे इंजिन भंगार. दुसऱ्याचे म्हणणे, टर्बो गाड्यांचे कॉम्प्रेशन कमीच असते, तिन्ही आकडे जवळजवळ आहेत, बिनधास्त घे. मी मेकॅनिकल इंजिनीअरिंग केलेले असल्याने दोघांनी माझ्याकडे पंच म्हणून पाहिले. (डिजिटल डेस्कवर बातम्या टाकणाऱ्याला डिग्री आठवण्याची संधी वर्षातून एखादवेळीच मिळते.) माझे उत्तर कोणालाच आवडले नाही. मी म्हणालो, या तीन आकड्यांवरून काहीच सांगता येत नाही.

पुढे निघाले असे की इंजिनमध्ये खरेच दोष होता. मात्र गॅरेजवाला सांगत होता तो नव्हे, आणि ‘बिनधास्त घे’ म्हणणाऱ्याला तर तो दिसलाच नव्हता. हा लेख त्या निमित्ताने. टेस्ट कोणत्या परिस्थितीत केली हे सोबत लिहिलेले नसेल, तर कॉम्प्रेशनचा आकडा हा रिपोर्ट नसतो. मॉडिफाय केलेल्या टर्बो इंजिनाच्या बाबतीत तर तो सरळसरळ दिशाभूल करू शकतो.

हा आकडा नेमका काय मोजतो?

स्पार्क प्लग काढून त्याच्या जागी प्रेशर गेज बसवायचे, पेट्रोल आणि स्पार्क बंद ठेवायचे आणि सेल्फ मारून इंजिन फिरवायचे. पिस्टन वर येताना हवा दाबतो. तो दाब किती झाला, ते गेज दाखवते. रिंगा, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट यांनी मिळून सिलिंडर किती घट्ट बंद ठेवला आहे, याचा हा अंदाज असतो.

या पोलोच्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो १०.५ आहे. म्हणून अनेक जण १०.५ ला वातावरणाच्या दाबाने, म्हणजे १४.७ पीएसआयने गुणतात आणि ‘१५४ यायलाच हवेत’ असे ठरवून टाकतात. हे गणित दोन्ही बाजूंनी चुकते. हवा दाबली की तापते आणि तापली की दाब आणखी वाढतो. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असे धरले, तर हाच दाब कागदावर २६ बारच्या पुढे, म्हणजे साडेतीनशे पीएसआयच्याही वर जातो. प्रत्यक्षात सेल्फवर इंजिन हळू फिरते, उष्णता सिलिंडरच्या भिंतींत जाते, थोडी हवा रिंगांतून निसटते. शिवाय इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला गेल्यानंतरही थोडा वेळ उघडा असतो. त्यामुळे अशा रेशोच्या निरोगी इंजिनाचा आकडा साधारण १६० ते २०० पीएसआयच्या पट्ट्यात पडतो. हा पट्टा आहे, लक्ष्मणरेषा नव्हे.

टेस्ट कशी केली, यावर अर्धा निकाल

मित्राला मी गॅरेजवाल्याला पाच प्रश्न विचारायला सांगितले. इंजिन गरम होते का? बॅटरी कशी होती? सगळे प्लग काढले होते का? थ्रॉटल उघडा होता का? प्रत्येक सिलिंडरला किती फेरे दिले?

उत्तरे अशी आली. गाडी तीन आठवडे सोसायटीत उभी होती, टो करून आणली, थंडच तपासली. बॅटरी ‘जरा वीक’ होती. एकेक प्लग काढून एकेक सिलिंडर पाहिला. थ्रॉटलचे ‘लक्षात नाही’. फेरे ‘काटा थांबेपर्यंत’.

यातली प्रत्येक गोष्ट आकडा पाडते किंवा बिघडवते. बॅटरी वीक असली की इंजिन मंद फिरते आणि हवेला निसटायला जास्त वेळ मिळतो. बाकीचे प्लग जागेवर असले की सेल्फला इतर सिलिंडरांचा दाबही ओढावा लागतो, वेग आणखी घटतो. थंड इंजिनात पिस्टन पुरेसा फुगलेला नसतो. सगळ्यात मोठा घोळ थ्रॉटलचा. तो बंद असेल तर सिलिंडरमध्ये मुळात हवाच कमी येते, मग दाबणार काय? जुन्या गाड्यांत केबल होती, ॲक्सिलरेटर दाबून धरला की काम व्हायचे. आता थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे. सेल्फ मारताना पाय पूर्ण दाबला तरी ईसीयू तो पूर्ण उघडेलच याची खात्री नाही. डोळ्यांनी बघायचे किंवा स्कॅनरवर उघडण्याची टक्केवारी पाहायची, हाच मार्ग.

गेजचीही एक गंमत आहे, जी छोट्या इंजिनात महाग पडते. या पोलोचा एक सिलिंडर ३३३ सीसीचा. रेशो १०.५ म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा जेमतेम ३५ सीसी. आता गेजच्या नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाला नसून वर गेजजवळ असेल, तर नळीतली पोकळीही सिलिंडरचाच भाग होते. ही पोकळी फक्त ५ सीसी धरली तरी रेशो १०.५ वरून ९.३ वर येतो. इंजिन तेच, नळी वेगळी, आणि आकडा खाली!

शिवाय उंची. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्के कमी असतो. मुंबईत १८० दाखवणारे इंजिन पुण्यात १६८ च्या आसपास दाखवेल. महाबळेश्वरला नेले तर आणखी खाली. मुंबईच्या मित्राच्या आकड्याशी पुण्यातल्या गाडीची तुलना करून भांडणाऱ्यांनी हे आधी वजा करावे.

पुढच्या रविवारी आम्ही गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली. मालकही सोबत होता, त्याने आडकाठी केली नाही, हे नोंदवायला हवे. बॅटरी चार्ज केली. इंजिन रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत तापवले. तिन्ही प्लग काढले, कॉइल आणि इंधन बंद केले, थ्रॉटल उघडा असल्याचे पाहिले आणि प्रत्येक सिलिंडरला मोजून सहा दाब दिले. आकडे आले : १७६, १७४, १४१.

आता नीट पाहा. पहिल्या टेस्टने पहिले दोन सिलिंडर विनाकारण बदनाम केले होते. त्याच वेळी तिसऱ्याचा दोष लपवला होता. १२१ आणि १०४ यांतला फरक चौदा टक्के, ‘चालतंय की’ म्हणण्याइतका. १७६ आणि १४१ यांतला फरक वीस टक्के. चुकीची टेस्ट फक्त खोटी भीती दाखवते असे नाही, ती खोटा दिलासाही देते.

मॉडिफिकेशनमुळे आकडा बदलतो का?

इथे सर्वाधिक गैरसमज आहेत, आणि विकणारे त्यांचा फायदा घेतात.

नुसता रिमॅप म्हणजे ईसीयूच्या सॉफ्टवेअरमधला बदल. तो टर्बोचा दाब वाढवतो, इग्निशन टायमिंग आणि इंधन बदलतो. पिस्टन, हेड, व्हॉल्व्ह जिथे होते तिथेच राहतात. त्यामुळे कॉम्प्रेशन टेस्टचा आकडा रिमॅपने वाढत नाही आणि कमीही होत नाही. मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, डाऊनपाइप यांचेही तेच. सेल्फवर इंजिन मिनिटाला दोनशे-तीनशे फेरे फिरते, तेवढ्याने टर्बो दाब देत नाही. म्हणून ‘स्टेज टू आहे ना, म्हणून कमी दाखवतंय’ हे वाक्य ऐकले की खुशाल समजा, समोरच्याला माहीत नाही किंवा त्याला तुम्हाला सांगायचे नाही.

आकडा बदलतो तो इंजिनाच्या आतले काम झाले असेल तर. कमी रेशोचे फोर्ज्ड पिस्टन किंवा जाड हेड गॅस्केट टाकले असेल, तर तिन्ही-चारही आकडे सारख्या प्रमाणात खाली येतात आणि ते योग्यच असते. जास्त ड्युरेशनचे कॅमशाफ्ट असतील तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, आत आलेली थोडी हवा परत जाते, आणि ठणठणीत इंजिनही सेल्फवर कमी आकडा दाखवते. वरच्या आरपीएमला तेच इंजिन सुसाट असते. काही फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून ते बोअरमध्ये सैल बसवतात. अशा इंजिनाची थंड टेस्ट म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. उलट हेड प्लेन करून घेतले असेल किंवा पिस्टनवर कार्बन साठला असेल, तर आकडा वर जातो. रिंगांवरून तेल वर येत असेल तर तेच तेल फट बुजवते आणि आजारी सिलिंडर पहिलवान भासतो. जास्त आकडा म्हणजे चांगले इंजिन, असेही नाही.

‘टर्बोचं कॉम्प्रेशन कमीच असतं’ या वाक्यात एकेकाळी तथ्य होते. जुन्या टर्बो पेट्रोल इंजिनांचे रेशो आठ-नऊच्या घरात असायचे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी आजची इंजिने दहाच्या पुढे गेली, वाक्य मात्र मागेच राहिले.

म्हणून आत काम झालेल्या गाडीबद्दल पहिला प्रश्न आकड्याचा नसतोच. कोणते पिस्टन, किती रेशो, कोणती गॅस्केट, कोणते कॅम? आणि काम झाले त्या वेळी, पहिल्या हजार-दोन हजार किलोमीटरनंतर किती कॉम्प्रेशन होते? ती जुनी नोंद हीच खरी मोजपट्टी. चांगला इंजिन बिल्डर ती देतो. ती नसेल तर आजचा आकडा कशाशी ताडायचा?

एक सिलिंडर मागे पडला तर?

स्टॉक असो वा मॉडिफाय, सिलिंडरांमधला फरक ही गोष्ट सगळ्यांना लागू पडते. एकाच इंजिनात सगळ्यांचा रेशो, सगळ्यांचा कॅम, सगळ्यांची हवा सारखी. मग एकच का मागे?

किती फरक चालतो, यावर पुस्तकांचे एकमत नाही. बऱ्याच मॅन्युअलमध्ये सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली नसावा, असे असते. ट्यूनिंगवाले दहा टक्क्यांवरच भुवया उंचावतात. फोक्सवॅगन समूहाच्या जुन्या १.८ टी इंजिनाचे मॅन्युअल तर नव्या इंजिनासाठी ९ ते १४ बार, झिजेची मर्यादा ७ बार आणि सिलिंडरांमधला फरक ३ बारपर्यंत चालेल, असे सांगते. ती पट्टी आमच्या पोलोला लावली असती तर १४१ पीएसआय म्हणजे ९.७ बार, फरक २.४ बार. गाडी पास!

मला ही पास-नापासाची पद्धतच पटत नाही. कंपनीची मर्यादा वॉरंटीच्या टेबलवर उपयोगी आहे. इंजिन उघडायचे की नाही, हे ती सांगते. साडेसात लाख द्यायचे की नाही, हे ती सांगत नाही. मॉडिफाय केलेल्या टर्बो गाडीत दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे एकच सिलिंडर मागे असेल, तर पुढचे प्रश्न विचारल्याशिवाय टोकन देऊ नये, असे माझे मत.

पहिला प्रश्न गेजच्या काट्यालाच विचारता येतो. निरोगी सिलिंडर पहिल्याच दाबात बरीच मजल मारतो. रिंगा गेलेल्या असतील तर पहिला दाब कमी येतो आणि काटा पायरी-पायरीने चढत राहतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिला कमी आणि पुढेही फारसा चढत नाही. शेवटचा आकडा लिहून घेण्याच्या नादात हे कोणी बघतच नाही. तिसऱ्या सिलिंडरचा काटा पायरीने चढत होता.

दुसरा मार्ग ओल्या टेस्टचा. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकायचे आणि पुन्हा मोजायचे. आकडा वाढला तर दोष रिंगांकडे, नाही वाढला तर व्हॉल्व्हकडे, असे सगळीकडे सांगितले जाते. पण ३५ सीसीच्या जागेत ५ सीसी तेल ओतले की जागा ३० सीसीच उरते आणि रेशो आपोआप १२ च्या पुढे जातो. म्हणजे धडधाकट सिलिंडरचाही आकडा वाढणारच! म्हणून फक्त संशयिताला तेल पाजून निष्कर्ष काढू नये. सगळ्यांना सारखे तेल द्यावे आणि कोण किती वाढला ते पाहावे. आमच्याकडे पहिले दोन १७६ आणि १७४ वरून १८९ आणि १८८ झाले, म्हणजे तेरा-चौदाची वाढ. तिसरा १४१ वरून १८१. चाळीसची वाढ. संशय रिंगांच्या दिशेने पक्का होत चालला.

लीक-डाऊन : हवेलाच विचारा

कॉम्प्रेशन टेस्ट ‘कोणता’ सांगते, लीक-डाऊन टेस्ट ‘कुठून’ सांगते. पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची, बहुधा १०० पीएसआयने. त्यातली किती टक्के हवा निसटते, ते जोडगेजवर दिसते. (या दाबाने क्रँक अचानक फिरू शकतो, त्यामुळे त्यावर पाना लावून हात ठेवू नये.) बॅटरी किती, सेल्फ कसा, कॅम कोणता, थ्रॉटल उघडा की बंद, यातले काहीच इथे आड येत नाही. म्हणूनच कॅम किंवा पिस्टन बदललेल्या इंजिनासाठी ही टेस्ट जास्त विश्वासाची. छोट्या विमानांच्या पिस्टन इंजिनांत ८० पीएसआयवर अशाच प्रकारची तपासणी नेहमीची आहे. आपल्याकडे हे गेज असलेले गॅरेज शोधायला फोन करावे लागतात. आम्हाला सात फोन लागले.

मग कान लावायचा. सायलेन्सरमधून हिस्स आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. इनटेककडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह. ऑइलच्या झाकणातून किंवा डिपस्टिकच्या नळीतून आला तर रिंगा किंवा पिस्टन. कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. टर्बो गाडीत एक अडचण असते. टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवाज गिळतात आणि इनटेकला लांबलचक पाइप असतात. म्हणून इंटरकूलरचा पाइप सोडवून थ्रॉटलपाशी ऐकावे. थोडा आवाज ऑइलच्या झाकणातून कोणत्याही इंजिनात येतोच, रिंगांच्या टोकांत फट असते म्हणून. ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आत उत्तम, विसाच्या पुढे विचार, तिसाच्या पुढे काम.

आमचे आकडे : ८, ९ आणि ३१ टक्के. तिसऱ्याची हवा ऑइलच्या झाकणातून येत होती. झाकणावर हात धरला तर तळव्याला जाणवत होती.

दोन टेस्टमध्ये विसंगती आली तर ती फेकून देऊ नका, तीच मोलाची असते. समजा एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आहे, पण लीक-डाऊन एकदम चांगले. हवा निसटत नाही, मग दाब का होत नाही? एक शक्यता, व्हॉल्व्ह पुरेसा उघडतच नाही, कॅम झिजला आहे. दुसरी शक्यता खास रिमॅपवाल्यांची : कनेक्टिंग रॉड वाकला आहे. कमी आरपीएमला अतोनात टॉर्क मागितला की रॉडवर दाब येतो. रॉड एक मिलिमीटरने जरी आखूड झाला, तरी या इंजिनात वरची जागा सुमारे ४.४ सीसीने वाढते आणि रेशो १०.५ वरून साडेनऊच्या खाली येतो. गाडी चालते, धूर नाही, ऑइल खात नाही. फक्त एक आकडा दहा-बारा टक्क्यांनी कमी. ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ म्हणून तो सोडून दिला जातो.

तिसऱ्या पिस्टनचे काय झाले होते?

टर्बो पेट्रोल इंजिनात सर्वांत नाजूक जागा म्हणजे पिस्टनवरच्या दोन रिंगांच्या खाचांमधली अरुंद पट्टी. तिला रिंग लँड म्हणतात. सुबारूच्या अडीच लिटर टर्बो गाड्या बाळगणाऱ्या परदेशातल्या शौकिनांना हा शब्द चांगलाच परिचयाचा आहे. नॉकिंग झाले, म्हणजे मिश्रण अवेळी भडकले, की हातोडा बसावा तसा धक्का या पट्टीवर बसतो. छोट्या, थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत आणखी एक प्रकार घडतो. गाडी वरच्या गिअरमध्ये, इंजिन दीड हजार आरपीएमवर आणि पाय पूर्ण दाबलेला. अशा वेळी स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेट घेते. हा प्रश्न इतका खरा आहे की त्यासाठी इंजिन ऑइलचे मानकच बदलावे लागले. एपीआय ‘एसएन प्लस’ २०१८ मध्ये आणि ‘एसपी’ २०२० मध्ये आले, ते बऱ्याच अंशी यासाठीच.

आता यात रिमॅप मिळवा. ९७ किंवा १०० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलेला मॅप, आणि महिन्याच्या शेवटी टाकीत साधे पेट्रोल. ईसीयू नॉक ओळखून टायमिंग मागे घेतो, हे खरे. पण ओळखण्यासाठी आधी तो धक्का बसावा लागतो.

मी रिमॅपच्या विरोधात नाही. नीट लिहिलेला, इंधन आणि ऑइलचे पथ्य पाळून वापरलेला मॅप वर्षानुवर्षे चालल्याची उदाहरणे माझ्या ओळखीत आहेत. माझा आक्षेप लपवाछपवीला आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. ब्रेक उडवणारा किंवा कान फोडणारा सायलेन्सर लावणारा यांच्यावर जरब हवीच. पण परिणाम असा होतो की विकायच्या आधी लोक गुपचूप मूळ मॅप परत टाकतात आणि ‘फुल्ली स्टॉक’ अशी जाहिरात करतात. मॅप पुसता येतो, पिस्टनला बसलेले धक्के पुसता येत नाहीत.

मित्राने गाडी पाहण्याआधी ‘शेकडो पॉइंट तपासणी’चे दोन-तीन रिपोर्ट गोळा केले होते, वेगवेगळ्या गाड्यांचे. सीटच्या शिवणीपासून वायपरच्या रबरापर्यंत सगळे त्यात होते. कॉम्प्रेशन एकातही नव्हते. टर्बो पेट्रोल गाडी विकताना सिलिंडरनिहाय आकडे, इंजिनाचे तापमान, थ्रॉटल, बॅटरी आणि शहर एवढ्या पाच गोष्टी छापायला अर्धे पान लागत नाही. तासाभराची मजुरी लागते. ती घेणाऱ्याने द्यावी, माझी हरकत नाही. वेळ नसेल तर निदान स्कॅनरची रिलेटिव्ह कॉम्प्रेशन टेस्ट तरी करावी. सेल्फ मारताना इंजिनाचा वेग प्रत्येक सिलिंडरला किती अडखळतो, यावरून कोणता कमजोर हे ती दोन-चार मिनिटांत सांगते. प्लगही काढावा लागत नाही. फक्त सगळेच सारखे कमजोर असतील तर ती गप्प बसते, एवढे लक्षात ठेवायचे.

दुसरी बाजूही आहे. सगळे आकडे उत्तम आले म्हणून टर्बोचा शाफ्ट, इंजेक्टर किंवा क्लच उत्तम आहे असे होत नाही. निळा धूर टर्बोच्या सीलमधून किंवा क्रँककेसच्या व्हेंटिलेशन व्हॉल्व्हमधूनही येतो, कॉम्प्रेशन ठणठणीत असताना. त्यासाठी इंजिन खोलायला लावणाऱ्या गॅरेजवाल्यापासून चार हात लांब राहावे.

पोलोचा मालक त्या दिवशी बराच वेळ गप्प होता. तो दुसरा मालक. रिमॅप पहिल्याने करून घेतला होता, याने फक्त ‘पिकअप भारी आहे’ म्हणून गाडी घेतली होती. दर हजार किलोमीटरला थोडे ऑइल टाकावे लागते, हे त्याला टीएसआयचे नेहमीचेच वाटत होते. महिनाभराने त्याने इंजिन उघडले आणि मित्राला फोटो पाठवला. तिसऱ्या पिस्टनची पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली पट्टी बोटाच्या पेराएवढी तुटलेली. नशिबाने बोअरवर खोल ओरखडे नव्हते. पहिल्या गॅरेजने सांगितलेले तिन्ही सिलिंडरचे काम लागले नाही. मात्र एकट्या तिसऱ्यावर न थांबता त्याने तिन्ही पिस्टन आणि रिंगा बदलल्या, मॅप मूळचा टाकला. मला ते शहाणपणाचे वाटले. जो धक्का तिसऱ्याने खाल्ला, तो इतर दोघांनीही थोडाफार खाल्लाच असणार.

मित्राने ती गाडी घेतली नाही, बजेट तोवर एका डिझेलकडे वळले होते. मालकाने नव्याने जाहिरात टाकली, तेव्हा काय लिहू म्हणून मलाच फोन केला. आधी रिमॅप होता, अमुक किलोमीटरला पिस्टन बदलले, बिल उपलब्ध, आणि खाली कॉम्प्रेशनचे तीन नवे आकडे : गरम इंजिन, थ्रॉटल उघडा, पुणे. पहिले दोन दिवस लोकांनी कमेंटमध्ये टर उडवली. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरहून एक जण स्वतःचे गेज घेऊन आला.